दोन गुणांचा प्रश्न

घणसोली, सेक्टर सात. खाली प्लायवूडचं दुकान,
वर माझा क्लास. करवत थांबली की
मी मुलांकडून आरोह म्हणवून घेते.
तिथे एक दिवस हिराजी मढवी आला,
वय सत्तेचाळीस, बगलेत बेंजो, जुन्या चादरीत गुंडाळलेला.
चपला दाराबाहेर दोनदा सरळ केल्या
आणि म्हणाला, बाय, मना थेरी शिकवा.

तीस वर्षं हळदी वाजवतोय हा माणूस,
गोठिवलीपासून दिवागावापर्यंत.
नवरा-नवरी आठवत नाहीत,
पण कुठल्या मांडवात कुठली तार तुटली ते सांगतो.
सूर कशावरून लावता, मी विचारलं.
आळीतल्या डीपीवरून, म्हणे.
हसले मी. मग एका रात्री मुद्दाम जाऊन उभी राहिले.
ट्रान्सफॉर्मर खरोखर एकाच स्वरात घुमत होता,
पांढरी पाचच्या जरासा वर, काळी चारच्या खाली,
जिथे माझ्या पेटीवर नुसती फट आहे.

शिकवलं. थाट दहा. वादी, संवादी.
कोमलाखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी.
दुधाचा हिशोब लिहावा तसा तो वहीत उतरवायचा,
आणि बोटं बिघडली.
फाल्गुनात एका हळदीत ऐन रंगात हात थांबला,
नाचणारे पाय हवेत राहिले,
की-बोर्डवरच्या पुतण्यानं, प्रणितनं, कसंबसं सावरून घेतलं.
"आदी आयकू येत व्हता. आता दिसतय."
त्या महिन्याची फी मी घेतली नाही.
घ्यायला हवी होती.

मग कळलं तो मुळात आला कशाला.
आई धवलारीण, बारकूबाय.
लग्नात धवले गाते, साथीला कुणी नाही, कधीच नव्हतं.
प्रणितनं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला
आणि सगळ्यांना दाखवलं: आजी बेसूर, काटा लाल.
हिराजीला भांडता येईना.
पुतण्याकडे मशीन होतं.
ह्याच्याकडे नुसतं, तसा नाय रे, तसा नाय.

त्यानं तो गंधार मला गुणगुणून दाखवला.
बेंजोची ही पट्टी दाबली तर खाली पडतो,
ती दाबली तर वर जातो.
मी पुस्तक काढलं. बावीस श्रुती, नावांसकट,
विशारदला एका दमात म्हणून दाखवल्या होत्या,
परीक्षक पान खात मान हलवत होते.
तीव्रा, कुमुद्वती, मंदा... आठव्या-नवव्या नावाशी माझा आवाज बसला.
ह्यातली एकही मी कधी
गाऊन बघितली नव्हती.

तो मात्र उठून उभाच राहिला.
म्हणजे याला नाव हाय?
आहे.
लिवलेला हाय?
हो, फार जुनं.
पानाचा फोटो काढला, एकदा हलला, परत काढला,
आणि प्रणितला पाठवला, तिथल्या तिथे.
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं.

पुढच्या आठवड्यात बेंजो उघडून दाखवला.
पक्कडीनं एका पट्टीची मान वाकवली होती.
आता ह्याच्यावर सिनेमातलं काही वाजणार नाही, मी म्हटलं.
नको वाजू दे.
हा आयचा. हळदीला दुसरा घेतला, ऐरोलीतून, जुना.

चैत्रात सराव परीक्षा.
थाटांत त्यानं तोडी आणि पूर्वीची अदलाबदल केली आहे,
तिथे शून्य. ते बरोबरच आहे.
प्रश्न चौथा: श्रुती म्हणजे काय? गुण दोन.
बाकीच्यांनी माझंच वाक्य मला परत दिलंय, स्वल्पविरामासकट.
हिराजीनं लिहिलंय, माजे आयची जागा.
खोडलंय. पुन्हा तेच लिहिलंय.

खाली करवत सुरू झाली.
लाल पेन हातात, मी तो गंधार लावून बघते आहे.
एकदा खाली पडतो.
एकदा वर जातो.